स्कूबाचं सामान घेताय? मग आधी एवढं बघून घ्या

ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, झाला की दुसऱ्या दिवसापासून फोनवर गियर बघणं सुरू होतं, माझंही तेच झालं होतं, म्हणून सांगतो की कार्टमध्ये काही टाकायच्या आधी वर्षभरात किती डाईव्ह होणार आणि कुठे ते कागदावर लिहा. तारकर्ली, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, गोव्याचं ग्रँड आयलंड, इकडे सगळीकडे पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, मग उरतात ऑक्टोबर ते मे. त्यात तुमचे चार-सहाच डाईव्ह होणार असतील तर बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) डाईव्ह सेंटरचंच वापरा, आणि सिलिंडर आणि वेट्स, म्हणजे खाली जायला कमरेला लावायची वजनं, तर विकत घ्यायचा विचारच नको, ते जिथे जाल तिथे मिळतात.

पहिली खरेदी मास्क, आणि तो दुकानातच. आपल्याकडे दुकान म्हणजे बरेचदा डाईव्ह सेंटरमधलं एक कपाट असतं, तरी चालेल, तिथे उभं राहून ट्राय करा. पट्टा मागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा, पडला नाही तर बसला. मग हेच तोंडात रेग्युलेटरचा माउथपीस धरून परत करा कारण तोंड उघडं असताना गाल आणि वरचा ओठ वेगळे बसतात, मिशी असेल तर नाकाखाली हमखास फट राहते. मी पहिला मास्क रिव्ह्यू वाचून ऑनलाइन मागवला होता, काच टेम्पर्ड, सिलिकॉन मऊ, सगळं नीट, पण माझ्या चेहऱ्याचा नव्हता. तारकर्लीला सात-आठ मीटरवर दर मिनिटाला नाकापाशी पाणी साचायचं, मी मास्कमधलं पाणी काढत बसलो आणि माझ्या बडीने, म्हणजे डाईव्हमधल्या जोडीदाराने, समोरून गेलेला पोपटमासा बघितला, मला फक्त बडीने तिकडे दाखवलेलं बोट दिसलं. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसतात का तेही तिथेच विचारा. आणि तो पूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्केलिंगचा मास्क स्कूबाला चालत नाही, त्यात नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत आणि तोंडात रेग्युलेटरही धरता येत नाही.

फिन्स (पायाचे पंख) बूटीज, म्हणजे आत घालायचे रबरी मोजे-बूट, घालूनच ट्राय करा, नंबरवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा आठ नंबर वेगळा असतो. वेटसूट आपल्या कोमट पाण्याला 3 मिमीचा पुरतो, घातल्यावर उकिडवे बसा, हात वर करा, कमरेमागे पोकळी राहिली तर तिथून पाणी आतबाहेर होत राहतं आणि तासाभरात थंडी वाजते.

आता रेग्युलेटर, इथे घाई अजिबात करू नका. 20 मीटरवर प्रेशर वरच्यापेक्षा तिप्पट असतं आणि त्या प्रेशरची हवा तुम्हाला हे यंत्र देतं, म्हणून किमतीच्या आधी विचारायचं की याचं सर्व्हिसिंग इथे कोण करणार, त्याच्या सुट्या भागांचं किट मिळतं का, किती दिवस लागतात. बहुतेक कंपन्या वर्षाने किंवा ठराविक डाईव्हनंतर सर्व्हिस सांगतात. बाहेरच्या देशातून मागवलेलं स्वस्त दिसतं खरं, पण कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून परत बेरीज करा आणि ती वॉरंटी भारतात चालते का ते लेखी घ्या. रेग्युलेटर सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती असतात, डिन आणि योक, त्यातली कोणती तेही जिथे डाईव्ह करणार तिथल्या सेंटरला फोन करून विचारा. मी एकदा ऑनलाइन सेकंडहँड फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला लागणारा भाग) घेतला, फोटोत अगदी चकचकीत, हातात आल्यावर डस्ट कॅप काढली तर आतल्या छोट्याशा फिल्टरवर हिरवट थर, म्हणजे खारं पाणी आत जाऊन गंज धरलेला. विकणाऱ्याने पॅकिंग उघडलं म्हणून परत घेतला नाही. तेव्हापासून सेकंडहँड असेल तर आधी डस्ट कॅप काढून आतला फोटो मागतो आणि सर्व्हिसची पावती बघतो.

डाईव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र, ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, फक्त ऑथोराइज्ड डीलर बघा आणि बॅटरी घरी बदलता येते का ते वाचा. जाळीची बॅग, एसएमबी (आपण कुठे आहोत ते वर दाखवणारा फुगा), त्याच्या दोरीची रील, शिट्टी, पाण्याखाली लिहायची स्लेट बिनधास्त ऑनलाइन घ्या. टॉर्च घेताना नुसतं वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून घेऊ नका, किती मीटरपर्यंत ते बघा, आणि विमानाने जाताना त्याची लिथियम बॅटरी केबिन बॅगेत. बॅगेचं वजनही घरीच करा, देशातल्या फ्लाइटला बरेचदा 15 किलोच मिळतात आणि बीसीडी-फिन्समध्येच निम्मे जातात.

एक गोष्ट मनापासून सांगतो, दुकानात तासभर ट्राय करून घरी येऊन पाचशे रुपयांसाठी ऑनलाइन ऑर्डर करू नका. ऑनलाइनचा भाव त्यांना सरळ दाखवा, कमी होत असेल तर करतात, आणि ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी एखादी ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी रिंग) फाटली तर तुम्ही त्यांनाच फोन करणार असता.

सामान आलं की बिल आणि सीरियल नंबरचा फोटो काढा, पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या, नव्या मास्कच्या काचेला आतून साधी पांढरी टूथपेस्ट दोन-तीनदा चोळून धुवा म्हणजे धुकं धरणार नाही, आणि समुद्राच्या आधी एकदा इन्स्ट्रक्टरसोबत पूलमध्ये सगळं घालून बघा. जाताना मास्कचा एक जास्तीचा पट्टा बॅगेत टाका.