इंजिन ब्लॉकमधले आटे गेले तर ते कसे दुरुस्त करावेत

बोल्ट आवळताना पाना एकाएकी हलका पडतो, बोल्ट नुसताच फिरत राहतो, आणि बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक, चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. भोकातले आटे गेले, हे तेव्हाच समजावं. बोल्ट पोलादाचा, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. जास्त ताण आला की मऊ धातू आधी तुटतो. बिडाच्या ब्लॉकमध्ये हे कमी होतं, पण होतं.

एवढ्यावरून ब्लॉक बाद होत नाही. हेलिकॉइल नीट बसवलं तर ॲल्युमिनियममधली पकड बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा चांगली मिळते. हेलिकॉइल म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली स्टेनलेस स्टीलची तार. तिची बाहेरची बाजू ब्लॉकमध्ये नव्याने पाडलेल्या मोठ्या आट्यांत बसते आणि आतून मूळ मापाचाच बोल्ट लागतो.

सुरुवात मापापासून करा. बोल्टचा व्यास व्हर्नियरने आणि पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, पिच गेजने तपासा. १० मिमीचा बोल्ट १.५ पिचचा असतो तसा १.२५ चाही असतो; नुसतं बघून फरक कळत नाही. भोकातून तडा गेलेला दिसला तर काम तिथेच थांबवा, कारण तड्यावर हेलिकॉइल हा उपाय नाही. हेड बोल्ट (सिलिंडर हेड ब्लॉकला धरणारा) किंवा मेन बेअरिंग कॅपच्या (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या) बोल्टचं भोक असेल तर माझं स्पष्ट मत असं की काम मशीन शॉपकडे द्यावं. तिथे सरळपणाची गरज फार काटेकोर असते आणि बऱ्याचदा तारेऐवजी भरीव बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी, वापरणं योग्य ठरतं. इपॉक्सी भरून आटे तयार करण्याचा मार्ग मात्र इंजिन ब्लॉकवर वापरूच नका.

आता ड्रिल. पुढचं काही बिघडलं तर सुधारता येतं, पण तिरकं पडलेलं भोक सरळ होत नाही. म्हणून सगळा वेळ इथे द्या. हेलिकॉइल, टॅप आणि बसवायचं हत्यार एकत्र किटमध्ये मिळतं; त्या किटसोबत सांगितलेल्याच मापाचं ड्रिल घ्या. ८ मिमी, १.२५ पिचच्या बोल्टसाठी ते साधारण ८.३ मिमी असतं, म्हणजे काढायचा धातू अगदी थोडा. आजूबाजूची उघडी तोंडं कापडाने बंद करा. मूळ भोकाची खोली मोजून ड्रिलवर तेवढ्यावर चिकटपट्टी लावा, कारण तळापलीकडे पाण्याचा किंवा ऑइलचा मार्ग असू शकतो. ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. हातात धरलेल्या ड्रिलवर भरवसा ठेवू नका. जाड लोखंडी तुकड्यात काटकोनात पाडलेलं भोक गाइड म्हणून ब्लॉकवर घट्ट बांधा आणि त्यातूनच ड्रिल घाला. वेग कमी ठेवा.

मग किटमधला टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. हा नेहमीच्या टॅपपेक्षा मोठा असतो, त्याच्या जागी दुसरा चालत नाही. ॲल्युमिनियमवर रॉकेल किंवा कटिंग ऑइल वापरा. बीड कोरडं कापलं तरी चालतं, त्याची भुकटीच पडते. पहिल्या दोन फेऱ्यांत गुण्या लावून दोन बाजूंनी टॅप सरळ आहे का ते बघा. नंतर अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचा हलका कट्ट हाताला जाणवतो. टॅप जड झाला तर जोर करू नका. बाहेर काढा, साफ करा, पुन्हा घाला. हा टॅप कडक आणि ठिसूळ असतो. भोकात तुटला तर तो काढणं मूळ कामापेक्षा अवघड.

आटे पाडून झाले की भोक ब्रेक क्लीनरने धुवा आणि चष्मा लावून हवेने साफ करा. बंद तळाच्या भोकात तेल साचून राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो.

हेलिकॉइल किटच्या हत्याराच्या टोकावर चढवा, खालची आडवी जीभ खाचेत अडकवा आणि खाली न दाबता फिरवत न्या. दाबलं तर तार आटे ओलांडून बसते. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली जाऊ द्या. उलटं फिरवू नका, जीभ अर्ध्यातच तुटेल. पूर्ण बसल्यावर पंचवर एक छोटा ठोका देऊन जीभ तोडा आणि तुकडा चिमट्याने काढा. तो हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी नवा बोल्ट हाताने घाला. तो तळापर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. भोक पाण्याच्या मार्गात उघडत असेल तर आट्यांना सीलंट लावा. मग गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) टॉर्क रेंचने, टप्प्याटप्प्याने आवळा.