दिवसा साहित्याचा तास, रात्री सोलचा गिग: एकाच गळ्यात दोन्ही कसं बसवायचं

साहित्य शिकवणारा माणूस रात्री सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावभरं संगीत) गातो म्हटलं की लोक पहिलं विचारतात वेळ कसा काढता. वेळ निघतो हो. खरा प्रश्न गळ्याचा आहे. स्टेजवर तुम्ही तास-दीड तास गाता, तेही माइक आणि मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) लावून, मध्ये सोलो वाजतो तेवढा दम मिळतो. वर्गात मात्र चार-पाच तास मागच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलता, माइकशिवाय, आणि मग रात्री आवाज फाटला की दोष गाण्याला. बोलताना स्वरतंतू बायकांचे सेकंदाला साधारण २०० वेळा आणि पुरुषांचे ११०-१२० वेळा एकमेकांवर आपटतात, म्हणजे २०० चा हिशोब धरला तर सलग तासाला ७ लाखांच्या वर. म्हणून बचत करायची तर वर्गात करा.

पहिलं काम, कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि हेडसेट माइक घ्या. मुलं दोन दिवस हसतात, मग विसरतात. दुसरं, गोंगाटावर ओरडू नका. आजूबाजूला आवाज असला की आपला आवाज आपोआप चढतो, आपल्याला कळत पण नाही, याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात. त्यापेक्षा गप्प उभं राहायचं, वर्ग शांत झाला की बोलायचं. फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद. सारखं खाकरणं बंद, त्याऐवजी पाण्याचा घोट, नाहीतर नुसता आवंढा गिळा. आणि आवाज बसलाय म्हणून कुजबुजत शिकवायचं हा लोकप्रिय उपाय बरेचदा उलटा पडतो, जोर लावून कुजबुजलं की गळा अजून आवळतो. उतारे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, त्यांचं वाचन सुधारतं आणि तुमची वीस मिनिटं वाचतात.

वॉर्मअप, म्हणजे गळा तापवणं, फक्त गिगच्या (स्टेजवरच्या कार्यक्रमाच्या) आधी करणारे खूप आहेत, खरं तर तो पहिल्या तासाच्या आधी हवा. ग्लासात थोडं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि हूंऽऽ करत बुडबुडे काढायचे, खालून वर वरून खाली, चार-पाच मिनिटं. स्ट्रॉमुळे तोंडात उलटा दाब तयार होतो आणि तंतू कमी जोराने आदळतात. गिग संपल्यावर पण हेच करा, सगळे फोटो काढत असतात तेव्हा कोपऱ्यात दोन मिनिटं. पेपर तपासणं मात्र गिगच्या दिवशीच ठेवा, त्याच्याइतकी हक्काची मौनाची वेळ दुसरी नाही (स्टाफरूममधल्या गप्पा टाळायला पण बरा बहाणा).

आता माझ्या आवडीचा भाग. साहित्याच्या शिक्षकाकडे एक गोष्ट फुकटात असते जी बऱ्याच गायकांना उशिरा सापडते, ती म्हणजे ओळ वाचता येणं. सोल आलं गॉस्पेलमधून, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांतून. सोलची मोठी गायिका अरेथा फ्रँकलिन, तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटचे नामांकित प्रीचर, त्यांचं प्रवचन बोलण्यातून चढत चढत गाण्यातच शिरायचं. म्हणजे बोलणं आणि गाणं यांच्यामध्ये इथे भिंत नाहीच. तेव्हा नवं गाणं बसवताना चाल बाजूला ठेवा, बोल कागदावर लिहा आणि कवितेसारखे वाचा: कोण बोलतंय, कोणाला, आणि कुठल्या शब्दावर त्याचं मन पलटतं. तिथे खूण करा. श्वास वाक्य जिथे खरंच थांबतं तिथे घ्या, चालीत जागा रिकामी दिसली म्हणून नको. मग बोलण्याच्या लयीत म्हणा, चार ठोक्यांतल्या २ आणि ४ वर टाळी देत, आणि टाळी पक्की झाली की शब्द किंचित मागे टाकायला लागा, ड्रमरला सोडून नाही, नुसतं रेंगाळत. हरकती सगळ्यात शेवटी. खूण केलेल्या शब्दावर एक लांब हरकत खूप झाली, प्रत्येक ओळीच्या शेवटी गिरक्या घेतल्या तर माझ्या मते ते गाणं नाही, कसरत होते.

उलट दिशेने पण चालतं. सोलमधला कॉल आणि रिस्पॉन्स वर्गात वापरा, तुम्ही अर्धी ओळ म्हणायची, उरलेली वर्गाने. वृत्त असं पटकन कानात बसतं, तक्ता काढून शिकवलेलं बसत नाही.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला परवानगी लागते का ते आधी वाचा, आणि मुख्याध्यापकांना तुमच्याकडूनच कळू द्या, कारण व्हिडिओ मुलांना सापडणारच. गिग शक्यतो सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या.

नोकरी कधी सोडायची? घाई नको. अमेरिकन गायिका रॉबर्टा फ्लॅक आधी नॉर्थ कॅरोलिनातल्या फार्मव्हिलमध्ये संगीत आणि इंग्रजी शिकवायच्या, मग वॉशिंग्टनमध्ये शिक्षिका, आणि रात्री क्लबात गायच्या. मिस्टर हेन्रीज नावाच्या ठिकाणी नियमित काम मिळालं १९६८ मध्ये, तेव्हा कुठे शाळेची नोकरी सुटली. पुढे १९७३ आणि १९७४ असं लागोपाठ रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी. सोल गायक बिल विदर्सनी तर पहिला अल्बम १९७१ मध्ये आला तरी कारखान्यातली नोकरी लगेच सोडली नव्हती, संगीताच्या धंद्यावर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता. मला ते पटतं, पगार येत असला की नको ते गिग नाकारता येतात.

शेवटचं, हे मात्र गंभीरपणे घ्या. आवाज तीन आठवड्यांच्या वर घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन स्वरतंतू दुर्बिणीने बघून घ्या, घशाच्या गोळ्या चघळत दिवस ढकलू नका. घसा दुखतोय म्हणून गिगच्या आधी ॲस्पिरिन घेऊन गाऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि वरचा सूर लावताना आवाज एकदम गेला तर तंतूत रक्त उतरलेलं असू शकतं, तिथेच थांबायचं, पुढचा सेट बँडला वाजवू द्या, डॉक्टरची वेळ घ्या, आणि ते बोला म्हणेपर्यंत वर्गात मुलांना निबंध लिहायला द्या, सूचना फळ्यावर.