मॅट व्हार्निश मारल्यावर मिनिएचर पांढरट पडले: माझा अनुभव

जुलै महिना, पुण्यात भुरभुर पाऊस. नेपोलियनच्या काळातले 28 मिमीचे दहा फ्रेंच शिपाई (मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती) रंगवून झाले होते. गॅलरीत मॅट व्हार्निशचा, म्हणजे रंग जपणाऱ्या बिनचकाकीच्या थराचा, स्प्रे मारला आणि अर्ध्या तासात सगळे पीठ चाळल्यासारखे दिसायला लागले. गडद निळे कोट राखाडी, घड्यांच्या खोबणीत तर पांढरा थरच. रडायचंच बाकी होतं.

कोमट पाण्याने धुतलं, हेअर ड्रायर फिरवला, फरक शून्य. वरून तोच स्प्रे पुन्हा मारला, तर आणखी बिघडलं.

खालचा रंग शाबूत असतो. दमट हवेत मॅटचा थर खरबरीत वाळतो, त्यावर प्रकाश विखुरतो आणि पांढरं दिसतं. तो खरबरीतपणा भरून काढायचा.

आधी 24 तास वाळू दिलं. मग एकाच्या टोपीमागे ओला ब्रश टेकवला; ओलं असेपर्यंत मूळ रंग दिसला, म्हणजे आशा होती. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निश मऊ ब्रशने पातळ लावलं, खोबणीत साचलेलं लगेच टिपून घेतलं. तासाभराने दुसरा हात. दुसऱ्या दिवशी शिपाई काचेसारखे चकचकीत, पण निळा रंग परत!

चकाकी घालवायला पुन्हा मॅट, मात्र ब्रशने. बाटली दोन मिनिटं हलवायचीच, कारण मॅट करणारी पूड तळाशी बसते. एकच पातळ हात.

एकाच्या पाठपिशवीखाली अजून पुसट पांढरं आहे. तिथे ब्रश पोचत नाही.