विम्याचा कागद तबेल्याच्या दारापाशी

पुण्याजवळच्या स्टड फार्मवर (घोड्यांची पैदास होते तिथे) रात्री घोडी पोटशुळाने लोळू लागते आणि पॉलिसी मालकाच्या मुंबईच्या कपाटात! कळवायला उशीर झाला की दावा अडकतो.

१. पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा आणि डॉक्टरांचा फोन, घोडीचा मायक्रोचिप क्रमांक (कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा) मोठ्या अक्षरांत लिहून दारापाशी लावा. तिचं तोंड पोचणार नाही इतका उंच, नाहीतर कागदच खाईल.
२. कपाळावरचा ठिपका, पायांवरचा पांढरा रंग, मानेवरचे केसांचे भोवरे, सगळ्यांचे फोटो ओळख पटवायला सईसाच्या (घोडी सांभाळणाऱ्याच्या) मोबाइलमध्ये ठेवा.
३. आधी डॉक्टर, लगेच कंपनी. शस्त्रक्रिया ठरली तरी कळवा.

सांभाळा: घोडी गेलीच तर शवविच्छेदनाआधी पुरू नका. दयामरणाआधी कंपनीची संमती घ्या. बहुतेक पॉलिसींत ती अट असते.