हिवाळ्यात घर उबदार आणि फुलं टवटवीत: दोन्ही कसं जमवायचं?

थंडीत हौसेने घरात आणलेली फुलं दोन दिवसांत माना टाकतात, ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा हीटरचा असतो. स्नोड्रॉप, क्रोकस, हायसिंथ ही थंड प्रदेशातली, कंदातून येणारी फुलं, थंडी सरण्याआधीच उमलणारी मंडळी. कळी उघडायला त्यांना थोडी ऊब लागते, पण उघडल्यावर टिकायला गारवाच लागतो. म्हणजे ऊब आपल्याकडे आणि गारवा फुलांकडे, अशी घराची वाटणी करायची.

आधी खोली लावून घ्या

बसायची जागा हीटरपाशी, फुलं खोलीच्या दुसऱ्या टोकाला. १५ ते १८ अंश सेल्सिअस त्यांना मानवतं. खिडकीखालीच हीटर असेल, तर वरचा कट्टा कितीही उजेडाचा असला तरी फुलांच्या कामाचा नाही. खालून येणारी कोरडी हवा कळ्या सुकवते.

अंधार पडता पडता जाड पडदे ओढून घ्या आणि दाराखालच्या फटीला जुना टॉवेल गुंडाळून लावा. एवढ्यानेही खोलीत फरक जाणवतो. पडदा ओढण्याआधी मात्र कुंड्या आत घ्यायच्या. पडदा आणि काच यांच्यामधली जागा रात्री बाहेरइतकी नाही, तरी चांगलीच गारठते आणि काचेला टेकलेली पानं काळवंडतात.

पाण्यावरचा हायसिंथ

मातीचा पसारा नको असेल तर यासारखं फूल नाही. तयारी लवकर लागते: ऐन थंडीत फुलं हवी असतील तर शरद ऋतूतच कंद आणून ठेवा. हात लावताना हातमोजे घाला, कारण त्याच्या सालीने अनेकांच्या हाताला खाज सुटते.

गळ्याशी अरुंद आणि वर पसरट अशी काचेची बरणी घ्या. कंद वर बसला पाहिजे आणि पाणी त्याच्या बुडाच्या जरा खाली राहिलं पाहिजे. बूड पाण्यात बुडालं की कंद कुजतो. मुळं ओलाव्याच्या ओढीने आपणच खाली उतरतात.

आता बरणी अंधाऱ्या, ४ ते ९ अंशांच्या जागी १० ते १४ आठवडे ठेवून द्यायची. न तापवलेली अडगळीची खोली चालते, फ्रिजही चालतो. पण फ्रिजमध्ये पिकणारी फळं असतील तर कंद तिथे नकोत. फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कंदाच्या पोटातली कळी उमलण्याआधीच मरते. पानं येतात, फूल येतच नाही, आणि माणूस कंद विकणाऱ्याला बोल लावत बसतो.

पांढऱ्या मुळांनी बरणी भरली आणि कोंब चार-पाच सेंटिमीटर झाला की बाहेर काढा. लगेच उन्हात नको. आधी आठवडाभर गार, मंद उजेडात ठेवा आणि मग खिडकीत. घाई केली तर देठ वाढण्याआधीच फूल पानांच्या गाभ्यात उमलतं आणि तिथेच अडकतं. तसं होतंय असं दिसलं तर कागदाचा शंकू करून, टोकाला भोक ठेवून, चार दिवस त्यावर घाला. उजेडाकडे धावताना देठ लांबतो. वास भरपूर असतो, म्हणून लहान बंद खोलीत एकच ठेवा. झोपायच्या खोलीत तर मी तोही ठेवणार नाही.

उशीर झाला असेल तर

पेपरव्हाइट जातीच्या नार्सिससला, म्हणजे डॅफोडिलच्या पांढऱ्या भावंडाला, थंडीची गरजच नसते. पसरट भांड्यात खडे भरा, त्यावर कंद दाटीने बसवा, बुडाला टेकेल इतपत पाणी घाला. चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात. याची एकच खोड: देठ लांबतात आणि कोलमडतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर मजेशीर उपाय सापडला. मुळं धरून कोंब तीनेक सेंटिमीटरचा झाला की साध्या पाण्याऐवजी सुमारे ५ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी घालायचं. देठ जवळपास एक तृतीयांशाने आखूड राहतात, फुलं मात्र नेहमीएवढीच मोठी. ४० टक्क्यांच्या व्होडकाचा एक भाग आणि पाण्याचे सात भाग, की झालं. बिअर किंवा वाइन नको, त्यांतली साखर घात करते.

बागेतल्या फांद्या

फोर्सिथिया, विच हेझेल या झुडपांच्या कळ्यांनी भरलेल्या फांद्या घरात आणून आधीच फुलवता येतात, पण निदान सहा आठवडे चांगली थंडी खाल्लेल्याच. बर्फ वितळेल अशा सौम्य दिवशी तिरका काप घ्या, टोकाला उभी चीर द्या, रात्रभर पाण्यात भिजवा आणि गार खोलीत ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. फोर्सिथियाला एक ते तीन आठवडे लागतात.

आणि जमिनीलगतची छोटी फुलं

खरी गंमत इथे आहे. स्नोड्रॉप बाहेर थंडीत मिटून, मान खाली घालून असतो. दोन-चार देठ तोडून लहानशा ग्लासात घरात आणा आणि बघत बसा: बाहेरच्या तीन पाकळ्या हळूहळू फाकतात आणि आतल्या आखूड पाकळ्यांवरची हिरवी खूण दिसू लागते. क्रोकस तर तापमानातल्या एखाद्या अंशाच्या फरकानेही उघडझाप करतो. उबेत पाकळीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त वाढते, म्हणून ती बाहेर वळते, गारठ्यात उलट. फुलं पाहून झाली की ग्लास पुन्हा गार जागी ठेवा, दिवस वाढतात.

हेलेबोर हेही थंडीत फुलणारं झाड. त्याचं ताजं फूल देठासकट ठेवलं तर लवकर मान टाकतं. फूल आखूड तोडून पसरट वाडग्यात पाण्यावर तरंगत सोडा. झाडावर खाली वाकलेलं असल्याने एरवी न दिसणारा त्याचा आतला भागही दिसतो. डॅफोडिल मात्र कापल्यावर रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा. त्याचा चिकट रस शेजारच्या फुलांना बाधतो.

हायसिंथ, नार्सिसस, स्नोड्रॉप, हेलेबोर ही सगळी पोटात गेली तर विषारी. कंद तर कांद्यासारखेच दिसतात, म्हणून स्वयंपाकघरात कांद्यांजवळ ठेवूच नका. मुलं आणि मांजरं-कुत्री यांच्या तोंडाला लागणार नाहीत असं पाहा, फुलदाणीतलं पाणीसुद्धा.

फुलं सरल्यावर पाण्यावर वाढलेला कंद रिकामा झालेला असतो, त्याच्यावर फार जीव लावू नका. कुंडीत मातीत वाढलेला हायसिंथ मात्र पानं पिवळी होईपर्यंत पाणी घालून जगवा आणि मग बागेत लावा. पुन्हा जोम धरायला एक-दोन वर्षं जातात. स्नोड्रॉपची गर्दी झाली असेल तर फुलं ओसरताच, पानं हिरवी असतानाच झुपका खणून वेगळा करा. सुकलेल्या कंदांपेक्षा अशी रोपं सहज धरतात.