युद्धकादंबरीवरचे टिपण कसे लिहावे

युद्धकादंबरी वाचून विद्यार्थी जे टिपण लिहितो, त्याची सुरुवात बहुधा ‘युद्धात सर्वांचेच नुकसान होते’ अशा वाक्याने होते. विधान खोटे नाही. पण ते लिहिण्यासाठी कादंबरी वाचायची गरज नव्हती. जे कादंबरी वाचल्याशिवाय सुचलेच नसते तेवढेच टिपणात यावे, हे पथ्य सांभाळले तरी पुष्कळ साधते. एरिश मारिया रेमार्क यांची, १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही पहिल्या महायुद्धावरची जर्मन कादंबरी उदाहरणादाखल घेऊ.

पहिल्या वाचनात काहीही टिपू नये. दुसऱ्या वाचनात मात्र एखादी वस्तू निवडून ती कुठे कुठे येते त्याची पाने वहीत नोंदवावीत. या कादंबरीत ती वस्तू म्हणजे मऊ पिवळ्या चामड्याचे बूट. त्यांचा मालक केमेरिख हा तरुण जर्मन सैनिक पाय कापलेल्या अवस्थेत इस्पितळात शेवटच्या घटका मोजतो आहे आणि भेटायला आलेल्या त्याच्या सोबत्याचा, म्युलरचा, डोळा त्याच्या बुटांवर आहे. पुढे ते म्युलरला मिळतात, म्युलर मेल्यावर त्यांच्याच तुकडीतल्या निवेदक पाउल बॉयमरकडे येतात, आणि पाउल ते आपल्यामागे त्यादेन या सोबत्याला देण्याचे कबूल करून ठेवतो. म्युलरला निष्ठुर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण पाउल स्वतः त्याची बाजू मांडतो, की बुटांचा केमेरिखला काही उपयोग असता तर म्युलर त्यांच्यासाठी डाव टाकण्यापेक्षा काटेरी तारांवरून अनवाणी गेला असता. मित्राविषयीची माया आणि त्याच्या बुटांची हाव एकाच माणसात कशी नांदते, हा प्रश्न धरला की टिपणाला कणा मिळतो.

प्रसंग निवडताना तो मध्येच तोडू नये. तोफगोळ्याच्या खड्ड्यात पाउल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो, तासन्‌तास त्याचे मरण पाहतो, खिशातल्या कागदांवरून तो जेरार द्युव्हाल नावाचा छपाई कामगार होता हे त्याला कळते, आणि त्याच्या बायकामुलीसाठी काहीतरी करण्याच्या आणाभाका तो घेतो. बहुतेक टिपणे इथेच थांबतात, कारण हा भाग उद्धृत करायला सोयीचा आहे. पण आपल्या माणसांत परतताच त्या आणाभाका विरू लागतात आणि युद्ध ते युद्धच, अशी तो स्वतःची समजूत घालतो. ही पाने वगळली तर पाउल आपल्याला हवा तेवढा सज्जन होतो. रेमार्क यांनी मात्र त्याला तसे राहू दिलेले नाही.

लेखकाच्या चरित्राला दोन वाक्ये पुरेत. रेमार्क १९१७ च्या जूनमध्ये आघाडीवर गेले आणि जुलैअखेर जखमी होऊन परतले. पाउल १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये मरतो. त्यामुळे ‘लेखकाने आपली कहाणी सांगितली आहे’ असे सरसकट लिहू नये. १९३३ साली नाझींनी हे पुस्तक जाळले, ही माहिती आपल्या मुद्द्याला लागू पडत असेल तरच द्यावी.

मराठी विद्यार्थ्याला आपल्याकडच्या सैनिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या आणि तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यातही सापडल्या. पण ती आघाडी वेगळी आणि शत्रूही वेगळा, तेव्हा तुलना करायची तर हा फरक आधी सांगावा. केवळ जवळीक वाटावी म्हणून गावाकडचा एखादा फौजी शेवटच्या परिच्छेदात आणून बसवू नये.

कादंबरीचा शेवट अनेकांच्या नजरेतून निसटतो. आतापर्यंत ‘मी’ म्हणून बोलणारा पाउल शेवटच्या तुकड्यात ‘तो’ होतो आणि त्याचा मृत्यू दुसरेच कोणी सांगते, तेही त्या दिवशी आघाडीवर नोंदवण्यासारखे काही घडले नसल्याच्या लष्करी अहवालासोबत. यावर लिहिताना आधी हा निवेदनातला बदल नोंदवावा आणि मग त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला ते सांगावे. क्रम उलटला, तर कुठल्या वाक्यामुळे आपण हललो हे वाचणाऱ्याला शोधत बसावे लागते.