चाकू म्यानात घालून ठेवू नका
कार्बन पोलादाचे चाकू जमवणाऱ्यांनी ते चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवू नयेत, कारण कमावलेल्या चामड्यात आम्ले व क्षार उरलेले असतात आणि ते हवेतला दमटपणा शोषून पात्याशी धरून ठेवत असल्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात पात्यावर पाहता पाहता तांबूस ठिपके उमटतात. पितळी भागांवर हिरवट, मेणचट थर चढतो तो वेगळाच. पाते सुती फडक्याने पुसून बोटांचे ठसेही घालवावेत, कारण घामातले मीठ गंजाला पुरेसे असते. मग खनिज तेलाचा (मिनरल ऑइलचा) अगदी पातळ हात फिरवावा आणि म्यान शेजारी वेगळे ठेवावे. खोबरेल मात्र नको, ते पुढे खवट व चिकट होते. फ्रान्सच्या ओपिनेलसारख्या घडीच्या चाकूची लाकडी मूठ पाण्याने फुगून पाते आत अडकते, म्हणून तो नळाखाली धुऊ नये.